वॉर रूममधले वडील

मी आयुष्यभर बटणं दाबली. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये, तीन पाळ्यांत. त्यामुळे तंत्रज्ञान, युद्ध आणि राजकारण या तिन्ही विषयांवर चार शब्द बोलायचा आपल्याला अधिकार आहे, असं मी निवृत्त झाल्यापासून धरून चाललो होतो. नाशिकरोडला ज्या मैदानावर आम्ही सकाळी चालायला जातो, तिथं मात्र हा अधिकार सगळ्यांनाच आहे. वीस मिनिटं चालायचं आणि तासभर अधिकार गाजवायचा, असा आमचा व्यायाम असतो.

सीमेवर धुमश्चक्री चालू होती त्या चार-सहा दिवसांत तर आमचं मैदान म्हणजे लष्कराचं मुख्यालय झालं होतं. ज्या गृहस्थांना घरातल्या इन्व्हर्टरमध्ये पाणी कुठून घालायचं ते ठाऊक नाही, ते शत्रूच्या हवाई संरक्षणातली भोकं दाखवत होते. एक निवृत्त बँकवाले रोज सकाळी मोबाईलवर नवं विमान पाडून यायचे. त्यांनी दाखवलेली एक चित्रफीत कुठल्या तरी गेममधली आहे, असं त्यांच्याच नातीनं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "असू दे, पण खऱ्यातही असंच झालं असणार." युद्धाच्या बाबतीत हा नवा नियम मला तेव्हा कळला. आधी चित्र येतं, मग खरं त्याच्यामागून धापा टाकत येतं, आणि तोवर मंडळी चहाला गेलेली असतात.

भोंगा वाजवून दिवे घालवायचा सराव झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी बँकवाल्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्या एकलहऱ्याच्या चिमण्या फार लांबून दिसतात हो. काही झाकायची सोय नाही का?" मी म्हटलं, आहे ना, मोठी चादर शिवायला टाकली आहे. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं त्यांना चेष्टा कळली. पण संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर बातमी होती की चिमण्यांना आच्छादन घालण्याचं काम सुरू झालंय, आतल्या माणसाची पक्की माहिती.

चेष्टा सोडून माझं मत सांगतो. कंट्रोल रूममध्ये मी एखादी लाईन बंद केली की कुठल्या तरी गावात अंधार व्हायचा. कुणाच्या घरात, कुणाच्या विहिरीवर, ते मला दिसायचं नाही. पण पाचच मिनिटांत टेबलावरचा फोन वाजायचा आणि पलीकडून कुणी तरी आईवरून शिवी द्यायचं. ती शिवी यायची म्हणून माणूस बटण जपून दाबायचा. आताच्या बटणांची सगळी मेख इथंच आहे. ड्रोन उडवणारा हजार कोसांवर गार खोलीत बसतो, निरोप पसरवणारा गादीवर लोळत असतो, आणि ज्याच्या अंगावर ते पडतं त्याची शिवी कुणापर्यंत पोचत नाही. हे मत मी मैदानावर मांडलं तेव्हा सगळ्यांनी वा वा केली. त्यानंतर तीनेक महिन्यांत तसलंच एक बटण कुणी तरी दाबलं आणि ते थेट माझ्या आईच्या अंगावर येऊन पडलं.

आधी वडिलांबद्दल सांगायला हवं. आमचं गाव चांदवड तालुक्यातलं. वडील तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि अख्खं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. गावातला एकही कर्ता पुरुष असा नसेल, ज्यानं त्यांची छडी खाल्लेली नाही. सहा वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हापासून आई आमच्याकडे नाशिकरोडला असते. तिचं मत मात्र अजून गावातच आहे, तिनं ते हलवू दिलं नाही.

शिक्षक म्हटला की निवडणुकीचं काम त्याच्या मागं लागलेलंच. वडिलांनी मतपेट्या बैलगाडीतून नेल्या, एसटीच्या टपावर बांधून नेल्या, आणि शेवटी शेवटी ते यंत्र मांडीवर घेऊन जीपमधून गेले. केंद्राध्यक्ष म्हणून बसले की सख्ख्या भावालाही ओळख द्यायचे नाहीत. मत हा विषय आमच्या घरात निघायचाच नाही. एकदा जेवताना काकांनी सहज विचारलं, "यंदा कुणाला रे?" तर वडील भरल्या ताटावरून उठले. आईनं कधी तरी विचारून पाहिलं असणार, पण तिलाही त्यांनी सांगितलं नाही. आपण कुणाला मत देतो ते सांगणं म्हणजे रस्त्यात धोतर सोडण्यासारखं आहे, इतकं त्यांचं साधं म्हणणं होतं.

अशा माणसाला मी निवडणुकीत उतरवलं. हो, मीच. त्यांच्या शेवटच्या वर्षात ते दोघं आमच्याकडे राहायला आले असताना मी मोबाईलवर त्यांचे पाढे रेकॉर्ड केले होते. गॅलरीतल्या खुर्चीत बसून त्यांनी पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी अशी सगळी म्हणून दाखवली होती, दहा-बारा मिनिटं, खणखणीत. या पुण्यतिथीला मी ते गावच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकलं. वडिलांची आठवण म्हणून टाकलं, असं मी बायकोला सांगितलं. खरं सांगायचं तर जोडलेले हात, अंगठे, फुलं आणि डोळ्यांतून पाणी येणारी तोंडं किती येतात ते मी दिवसभर उघडून उघडून बघत होतो. भरपूर आली. माझा ऊर भरून आला.

महिन्याभरात गावाकडं निवडणुका लागल्या. एका दुपारी आई गॅलरीत मेथी निवडत होती, मी पेपर वाचत होतो, आणि तिच्या मोबाईलवर काही तरी आलं. तिनं बोट लावलं. वडील बोलायला लागले.

"नमस्कार ग्रामस्थहो. मी तुमचा गुरुजी बोलतोय. आज मी तुमच्यात नसलो, तरी माझं तुमच्यावर लक्ष आहे."

आईच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. तिनं आधी पदर डोक्यावरून घेतला, मग मोबाईल दोन्ही हातांत धरला. आवाज तोच. घसा खाकरायची लकबही तीच. पुढं वडिलांनी सांगितलं, की गावाच्या विकासासाठी शत-प्रतिशत मतदान करा आणि यंत्रावरचं तिसरं बटण दाबा. मी उभाच राहिलो. 'शत-प्रतिशत' हा शब्द एखाद्या पोरानं निबंधात लिहिला असता, तर त्यांनी लाल पेन्सिलीनं खोडून शेजारी 'शंभर टक्के' लिहिलं असतं.

आणखी एक गंमत होती. यंत्रानं वडिलांचा आवाज शिकला तो पाढ्यांवरून. त्यामुळे सगळं भाषण पाढ्यांच्या चालीत आलं होतं. "तीन नंबर चिन्ह, तीन नंबर बटण, तीन नंबर विकास," असं ते हेल काढून म्हणत होते. संध्याकाळी गावाहून चुलत भावाचा फोन आला. तो साठीचा आहे. म्हणाला, "दादा, लय कमाल झाली. गुरुजींनी तीन म्हणलं आन् माझ्या तोंडून आपसूक 'तीन दुणे सहा' निघालं बघ. पाराव बसल्याली समदी म्हातारी माणसं ताठ झाली."

"अरे, ते खोटं आहे."

"खोटं हाय ते कळतंय रे. पर गुरुजींनी सांगितल्यावर नाय कसं म्हणायचं?"

पूर्वी लोकांना फसवायला त्यांना अंधारात ठेवावं लागायचं. आता लख्ख उजेडात सांगून फसवता येतं आणि वर लोक आभार मानतात.

आईला मी समोर बसवून सगळं समजावलं. मशीन कसं आवाज शिकतं, मग लिहिलेलं कसं वाचून दाखवतं, वगैरे. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मला नको शिकवू. मत कुणाला द्यायचं ते हे कधी सांगायचे नाय. कुणी तरी लिहून दिलंय त्यांना."

"त्यांना नाही गं, मशीनला."

"तेच ते," ती म्हणाली, आणि मोबाईल पदराखाली घेतला.

मी पेटलो. तक्रार करायची ठरवलं. आता तक्रारीही बसल्या जागी करता येतात, म्हणून एका संकेतस्थळावर बसलो. त्यानं विचारलं, आपली तक्रार कुणाच्या आवाजाबाबत आहे? मी वडिलांचं नाव घातलं. त्यानं लगेच कळवलं, की सदर व्यक्तीच्या मोबाईलवर सहा आकडी क्रमांक पाठवला आहे, तो येथे भरा. मी दीड मिनिट पडद्याकडे बघत बसलो, तेवढ्यात मुदत संपली. मग एका कचेरीत स्वतः गेलो. तिथले साहेब फार सज्जन होते. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "ज्यांचा आवाज वापरला त्यांची सही लागेल."

"ते वारलेत."

"मग बोलले कसे?"

"तीच तर तक्रार आहे!"

साहेबांनी अर्ज आवक रजिस्टरला लावून घेतला आणि मला पोच दिली. निवडणूक संपल्यावर त्याचं उत्तरही आलं. सदर प्रकरणी आता काही करण्यासारखे राहिलेले नाही, असं त्यात लिहिलं होतं. त्यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं.

शेवटी मी एसटी धरली आणि चांदवडला उतरलो. उमेदवाराची वॉर रूम तिथं हायवेलगतच्या एका मंगल कार्यालयात होती. वॉर रूम हा त्यांचाच शब्द. सीमेवरचं युद्ध चार दिवसांत थांबलं, तो शब्द मात्र तालुक्याला मुक्कामाला राहिला. जेवणाच्या हॉलमध्ये पंगतीच्या टेबलांवर लॅपटॉप मांडले होते, भिंतीवर थर्माकोलची 'शुभविवाह' ही अक्षरं तशीच होती, आणि त्याखाली बसून पंधरा-वीस जण गावोगाव निरोप सोडत होते. कोपऱ्यात भज्यांची परात होती. लढाई जोरात चालली होती.

उमेदवारानं मला बघितलं आणि तडक पाया पडला. हाही वडिलांचाच विद्यार्थी. सातवीत त्याला त्यांनी दोनदा बसवलं होतं, ते मी त्याला तिथंच, सगळ्यांसमोर ऐकवलं.

"म्हणूनच तर दादा!" तो म्हणाला. "गुरुजींचा माझ्यावर लय जीव. आज असते तर आपल्या स्टेजवर पहिल्या खुर्चीत असते."

"आज असते तर तुला बेंचवर उभं केलं असतं."

"ते बी केलं असतं," त्यानं हसून मान्य केलं. या माणसांना अपमान लागत नाही. अपमान पोचायला लागणारी तारच त्यांनी काढून टाकलेली असते.

आवाज ज्या मुलीनं बनवला तिला त्यानं बोलावून घेतलं. कळवणकडची होती, कॉम्प्युटरची पदवी घेतलेली, पंचविशीची. तिला वाटलं मी कौतुक करायला आलोय. "काका, तुमचं रेकॉर्डिंग एकदम भारी होतं," ती म्हणाली. "एवढा स्वच्छ आवाज मिळतच नाय. मागं फक्त एक कुकरची शिट्टी होती, ती मी साफ काढून टाकली."

ती शिट्टी आईची होती. वडील पाढे म्हणत होते तेव्हा ती आत वरण लावत होती. मी त्या मुलीला फाडकन बोललो, काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तिचा चेहरा उतरला. मग उमेदवाराकडे वळून मी माझं शस्त्र काढलं. म्हटलं, उद्या सकाळी आईला उभी करतो आणि तिचा व्हिडिओ करून गावभर टाकतो, की हे माझ्या नवऱ्याचे शब्द नाहीत.

तेव्हा मात्र गड्याची पाचावर धारण बसली. मेलेल्या गुरुजींपेक्षा जिवंत गुरुजीबाई भारी पडणार, हे त्याला बरोबर कळलं. तासाभरात सगळ्या ग्रुपवर माफी गेली, 'तांत्रिक कारणामुळे गैरसमज' अशी. वडिलांच्या आवाजातला निरोप जिथं जिथं काढता आला तिथून काढला गेला. मी जिंकलो. परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात मैदानावरचं भाषण तयार केलं, आणि दुसऱ्या दिवशी ठोकलंही. सत्य, मानवी प्रतिष्ठा, यंत्राला लगाम, सगळं त्यात होतं. बँकवाल्यांनी माझा हात दाबला. त्यांनी ते भाषण रेकॉर्डही केलं होतं, हे नंतर कळलं.

घरी येऊन मी आईच्या मोबाईलमधूनही ते पुसून टाकलं. तिला विचारलं नाही. घाण काढायला काय विचारायचं?

दोन-तीन दिवस मला काही कळलं नाही. मग बायको म्हणाली, "आईंच्या लक्षात आलंय का तुमच्या? दुपारी गॅलरीत बसत नाहीत आजकाल." मी बघायला लागलो. आई जेवण करून आत जायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. मोबाईल उशाशी पडलेला असायचा. मी विचारलं, काय होतंय? तर काही नाही. मी तिला वडिलांचे पाढे लावून दिले, म्हटलं हे बघ खरे, ऐक पाहिजे तितके. तिनं पावकी ऐकली आणि बंद कर म्हणाली.

"का गं?"

"ते पोरांशी बोलत्यात," ती म्हणाली. "त्या दुसऱ्यात गावाशी बोलत होते. पण त्याच्यात पहिला नमस्कार असा आला, जणू दारात उभे. मी तेवढाच ऐकायची. पुढचं बटणाचं नाय ऐकायची मी."

मंगल कार्यालयात मारलेली सगळी वाक्यं मला आठवत होती. तिनं ते दोन शब्द काढून घेतले होते आणि बाकीचं टाकून दिलं होतं, भाजी निवडावी तसं. मी जुडीसकट फेकून आलो होतो.

मतदानाला तिला घेऊन गेलो. केंद्र वडिलांच्याच शाळेत होतं. तिनं बोटाला शाई लावून घेतली, बाहेर आली आणि थेट गाडीत बसली. उमेदवार निवडून आला. गुरुजींमुळे की गुरुजी असूनही, ते त्या यंत्रालाच माहीत. निकालाच्या दिवशी त्याच्या माणसांनी गुलाल उधळला आणि चौकातल्या फलकावर आभार मानणाऱ्यांमध्ये वडिलांचा फोटोही होता. मी तिकडे दुर्लक्ष केलं. माझा लढाईचा दम संपला होता.

त्यानंतर आठवड्यानं आईनं मला हाक मारली. मी जवळ जाऊन बसलो, तर ती बराच वेळ पदराचा काठ सरळ करत राहिली.

"ते मशीन आहे अजून?" तिनं विचारलं.

"असेल. का?"

"त्याला म्हणावं, एकदा माझ्याशी बोलायला लाव त्यांना."

मी तिला पुन्हा सगळं सांगायला सुरुवात केली. ते खरे वडील नव्हेत, आपण लिहू तेच ते बोलणार. तिनं हात वर केला. "कळतंय मला. तू इंजिनेर नाय का? एवढं नाय येत तुला?"

मला येत नव्हतं. मी फक्त बटणं दाबलेली. त्यामुळे ज्या मुलीला मी भरल्या हॉलमध्ये बोललो होतो, तिला फोन करायची वेळ माझ्यावर आली. माणसाचा ताठा किती तकलादू असतो ते अशा वेळी कळतं. मैदानावरच्या मंडळींना मी सांगितलं, की गावाकडे सातबाऱ्याचं काम निघालंय.

मंगल कार्यालयात आवराआवर चालू होती. झेंडे काढून गठ्ठे बांधले होते, टेबलं एकावर एक चढवली होती, कुठल्या तरी लग्नाचे मांडववाले आत यायला दाराशी थांबले होते. मुलगी एकटीच कोपऱ्यात बसली होती. मी सॉरी म्हणायचं ठरवून गेलो होतो आणि 'पाणी आहे का' म्हणालो. तिनं बाटली दिली. मी आईचं सांगितलं. तिनं लॅपटॉप उघडला. वडिलांचा आवाज तिनं पुसलेला नव्हता.

"टाका काका," ती लॅपटॉप माझ्याकडे सरकवत म्हणाली. "जे लिहाल ते बोलतील. लय लांबड नका लावू, छोटं वाक्य छान येतं."

मी बोटं ठेवली आणि थांबलो. वडील आईशी काय बोलायचे? मला आठवेना. शाळेत काय बोलायचे ते आठवत होतं, पारावर काय बोलायचे ते आठवत होतं, माझ्याशी काय बोलायचे तेही. आईशी? 'चष्मा कुठंय.' 'उद्या पेट्या घेऊन जायचंय, भाकरी लवकर.' 'पाहुणे येतायत.' सगळं आयुष्य एका घरात गेलं आणि माझ्या कानावर आलेलं एवढंच. हाक मारायची झाली तर ते 'अगं' म्हणायचे, तेही आत बघून. याच्या पलीकडे काही होतं का, दार लावल्यावर, शेतात जाताना, ते मला माहीत नव्हतं. यंत्राकडे त्यांचा सगळा आवाज होता आणि माझ्याकडे त्यात घालायला एक वाक्य नव्हतं. मला फार लाज वाटली. वडिलांची वाटली की माझी, ते नक्की सांगता येणार नाही.

तेवढ्यात मुलीचा फोन वाजला. तिच्या वडिलांचा होता. मी काही कान देऊन ऐकत नव्हतो, पण हॉल रिकामा, आवाज घुमत होता. "हो पप्पा, जेवले... नाय ओ, डबा होता ना... हां, सहाच्या गाडीनं येते." फोन ठेवून ती पुन्हा माझ्याकडे बघायला लागली.

मी पटकन लिहिलं. दुसऱ्याच्या बापाचं वाक्य चोरलं आणि आपल्या बापाच्या तोंडी घातलं. उमेदवारानं याहून वेगळं काय केलं होतं, हा विचार मनात आला, पण मी तो तिथंच दाबला. मुलीनं एकदा वाजवून दाखवलं. पाढ्यांचा हेल तिनं कसा कुणास ठाऊक काढून टाकला होता. वाक्य मऊ आलं होतं. मी तिला नमस्कार केला, तर ती ओशाळून उठून उभी राहिली.

घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती. आई गॅलरीत येऊन बसली होती, केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून. मी तिच्या हातात मोबाईल दिला आणि बोट लावलं.

"अगं," वडील म्हणाले. "जेवलीस का?"

आईनं स्वतःच बोट लावून पुन्हा ऐकलं. मग तिसऱ्यांदा. तिचा चेहरा मला वाचता येईना.

"हे काय ते नव्हेत," ती म्हणाली. "पन्नास वर्षांत एकदा नाय विचारलं त्यांनी."

चूक झाली, उद्या दुसरं काही लिहून आणतो, असं म्हणत मी मोबाईल घ्यायला हात पुढं केला. तिनं तो छातीशी धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "आता विचारत्यात ना."